धर्माच्या गादीचे ढेकूण

सोमवार, ९ मार्च

पोरी, ही वही तुझ्यासाठी आहे हे पहिल्याच ओळीत सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या पानावर पोचलीस की विचारशील, "ही कुणाची वही गं?" चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, ही तुझी तऱ्हा. दप्तर शाळेत विसरून घरी येणारी पोरं खूप पाहिली. दप्तर घरी विसरून शाळेत जाणारी, आणि संध्याकाळी घरी येऊन "माझं दप्तर चोरलं" म्हणून रडणारी तू एकटीच.

तर उजळणी. मी तुझी आई. तुझा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. त्याची बायको, म्हणजे तुझी वहिनी, माझ्याबरोबर असते. मालकाने इमारत पाडायला काढली तशी आमची खोली गेली, आणि तीन महिन्यांपासून आम्ही प्रार्थनाघराच्या मागच्या इमारतीत राहतो. 'आधार' नावाची योजना आहे. फोनवर दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "अगं बाई, कधी?"

योजना अशी. चौदा कुटुंबांना चौदा खोल्या, सहा महिन्यांसाठी. घरातल्या एकाने नोकरी धरायची आणि टिकवायची. सहा महिने नीट गेले की समिती बसते आणि पाच वर्षांसाठी दोन खोल्यांच्या घराची किल्ली देते. बेताचं भाडं, स्वतःचा नळ, स्वतःची कडी. मला त्या कडीचं फार आहे. इथे दाराला आतून कडी नाही.

लिहिणारी बाई शेजारच्या खोलीतली आहे. तिला सगळे कोर्टवाली म्हणतात. तीस वर्षं कोर्टात बसून लोकांच्या साक्षी उतरवल्या, आता हात शिवशिवतात. मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. गादीवालीला माप आणि वजन एवढं पुरतं. तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिही, सुधारू नकोस. ती म्हणते, "शपथेवर लिहीन." बघू.

रविवार, १५ मार्च

आज आभारसभा होती. दर रविवारी असते. या घरात जे काही दान येतं त्याचे आभार त्या वस्तूशेजारी उभं राहून, वस्तूवर हात ठेवून, देणाऱ्याच्या तोंडावर मानायचे. दान नाकारायचं नाही, टाकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, उघडून-उसवून बघायचं नाही. भिंतीवर लिहिलंय म्हणे.

काय काय दान येतं ते ऐक. एका काचेचा चष्मा. डाव्या पायाचे तीन बूट. मागच्या महिन्यात अर्धी झिजलेली साबणाची वडी आली, तिला एक कुरळा केस चिकटलेला. मी त्या वडीवर हात ठेवला आणि आभार मानले. केसाचेही मानले असणार, कारण तो माझ्या बोटाला लागून खोलीपर्यंत आला. लोकांना जी वस्तू कचऱ्यात टाकायची लाज वाटते, ती ते देवाच्या दारात टाकतात.

सभा चालवते ती मऊताई. हे नाव माझं. बोलणं मऊ, हात मऊ, पाय टाकते तोही मऊ. नुसती लोण्याची बाई. कुठे धरावं तर बोटं बुडतात. प्रत्येकाला "माझं माणूस" म्हणते आणि हात मिळवला की मागे जाऊन रुमालाला पुसते.

आज हॉटेलवाल्या साहेबांनी चौदा गाद्या दिल्या, खोलीला एक. योजनेचे सगळ्यात मोठे दाते तेच. तुझ्या वहिनीला नोकरीही त्यांच्याच हॉटेलात लावून दिलीय, खोल्या झाडायची आणि चादरी बदलायची. त्यामुळे आमचे आभार जरा लांबवायचे, असं मऊताईने आधीच कानात सांगितलं. मी लांबवले. साहेब डोळे मिटून ऐकत होते, जसं काही कुणी पाय चेपून देतंय.

बुधवार, १८ मार्च

तुझ्या वहिनीने गादी बळकावली!

पन्नास वर्षं मी जगाच्या गाद्या भरल्या. म्हातारपणी दारात एक चांगली जाडजूड गादी आली, ती सुनेने जमिनीवर टाकली, तीही पलीकडच्या कोपऱ्यात, आणि स्वतः झोपली. मला काय, तर खाट आणि त्यावर घडी घातलेली गोधडी.

मी म्हटलं, "अगं, हाडं माझी म्हातारी, का तुझी?"

म्हणाली, "आई, माझी कंबर धरलीय. तुम्ही खाटेवरच बऱ्या."

गादीला हातसुद्धा लावू देत नाही. वर प्लास्टिक घातलंय, त्यावर चादर, चादरीची टोकं आत खोचलेली. मी नुसती जवळ गेले तरी "आई, तिकडे नको" म्हणते. आयत्या बिळावर नागोबा. तुझा भाऊ असता तर मी नाव सांगितलं असतं. त्यानेही तिचीच बाजू घेतली असती, ते सोड.

शिवाय माझ्या खाटेचे चारी पाय तिने पाण्याच्या डब्यांत उभे केलेत. विचारलं तर "मुंग्या" म्हणते. एक मुंगी दाखव म्हटलं तर दाखवता येईना. माझे डोळे अधू म्हणून काहीही सांगावं!

गुरुवार, २ एप्रिल

हवा तापलीय आणि तुझी वहिनी लांब बाह्यांचं घालून हिंडते. हॉटेलात जायचे कपडे पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ. मी म्हटलं, "बोटीवर निघालीस का?" हसली नाही. ती हसायची थांबलीय. आणि खाजवते. पाठ दाराच्या चौकटीला घासते, गुरासारखी.

मी कोर्टवालीला म्हटलं, "आंघोळ नीट करत नसेल."

कोर्टवाली म्हणाली, "आजीबाई, मीही खाजवते."

म्हटलं, "तुझं वय झालंय."

(ती म्हणते हे गाळू का? गाळू नकोस. शपथ आहे ना?)

खाली आज पुन्हा फिनेल ओतलंय. पन्नास वर्षं कापूस नाकात गेला, माझं नाक आता तोंडाला शोभा म्हणून आहे. पण या फिनेलने त्यालाही मळमळतं.

मंगळवार, १४ एप्रिल

उसवली.

सून कामावर गेली होती. म्हटलं, बघू तरी असा कोणता खजिना झाकून ठेवलाय. चादर काढली, प्लास्टिक काढलं, शिवणीवरून बोट फिरवलं. पोरी, माणूस चेहऱ्याने खोटं बोलेल, गादी शिवणीत खोटं बोलत नाही. बोटाखाली मोहरीचे दाणे लागावेत तसं लागलं. दाणे चालायला लागले.

दाभण काढलं आणि एक बाजू उसवली. सांगू का नको असं झालंय, पण लिही. शिवणीच्या आत काळे ठिपके, ठिपक्यांवर ठिपके. काती टाकलेल्या, कांद्याच्या सालीसारख्या, थरावर थर. अंडी पांढरी, खसखशीएवढी. आणि मोठे, तांबडे, टम्म. एक माझ्या नखाखाली फुटला. ते रक्त सुनेचं होतं.

मी बाहेर जाऊन ओकले.

सून आली तेव्हा गादी तशीच पसरलेली. मी तोंड सोडलं. घाणेरडी, आळशी, ढेकणांत झोपतेस आणि सांगत नाहीस, माझ्या घरात कधी एक ढेकूण नव्हता, तुझ्या माहेरी असेल रीत! ती उभी राहून ऐकत राहिली. मग बाह्या वर केल्या. कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे, ओळीने, तीन-तीन.

एवढंच म्हणाली, "तुम्हाला चावले का आई कुठे?"

मी म्हटलं, "मला कशाला चावतील?"

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि गादी गुंडाळायला लागली.

बुधवार, १५ एप्रिल

रात्रभर खाटेच्या पायांखालच्या डब्यांकडे बघत पडले होते. ढेकूण पाण्यातून चढत नाही, ही युक्ती माझ्याच आईची. मलाच ओळखू आली नाही. मोतीबिंदू नुसता निमित्ताला. रागाने माणूस जास्त आंधळं होतं.

सकाळी उसवलेल्या बाजूच्या आत एक कापडी पट्टी सापडली, लाल दोऱ्याने आकडा विणलेला. ३१७. आकडे मला येतात. कोर्टवालीने त्याखालची अक्षरं वाचली. साहेबांच्या हॉटेलचं नाव. कारखान्याची शिवण होती ती, कुणी मध्ये उघडलेली नाही. म्हणजे हे ढेकूण ३१७ नंबरच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर जन्मले, वाढले, त्यांची नातवंडं झाली, आणि मग सहकुटुंब आमच्याकडे आले.

सुनेला दाखवलं. म्हटलं, "बघ, तुला बिचारीला काय माहीत!"

ती म्हणाली, "माहीत होतं. गाडीत मीच चढवल्या."

"आणि बोलली नाहीस?"

"हॉटेलात बोलले. ते म्हणाले, नोकरी हवीय ना?"

"अगं, मग त्या गादीवर झोपलीस कशाला? कोपऱ्यात उभी करायचीस!"

"मऊताई सकाळी येऊन बघतात. गादी वापरात दिसली पाहिजे. कुणीतरी झोपायला हवं होतं ना आई."

मी म्हटलं, "चहा निवतोय."

दुपारी मऊताईला जाऊन सांगितलं. तिने माझा हात धरला, आधी आजूबाजूला बघून. म्हणाली, "आजी, दानात प्रेम बघायचं असतं." मी म्हटलं, "बघितलं. सहा पाय आहेत त्याला." तिने मला फिनेलची बाटली दिली आणि गादी उसवल्याबद्दल आपल्या वहीत माझ्या नावापुढे खूण केली. तीन खुणा झाल्या की समितीपुढे जातात म्हणे. माझी पहिलीच. पन्नास वर्षं ज्या कामाची शाबासकी घेतली, त्याची खूण.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण गाय चावायला लागली तर?

सोमवार, २० एप्रिल

चोराच्या उलट्या बोंबा. हॉटेलात एका पाहुण्याने आरडाओरडा केला, खोलीत ढेकूण निघाले. साहेबांनी तुझ्या वहिनीच्या ढकलगाडीवरच्या चादरी झटकल्या, एक सापडला. झालं! 'आधार'मधल्या बायकांनी आणले. आज तिला घरी पाठवलं. नोकरी गेली तर किल्ली गेली, दोन महिन्यांवर आलेली.

मऊताई खोलीत आली. बसली नाही. पाय जवळजवळ घेऊन उभी राहिली, ओल्या फरशीवर उभं राहावं तशी.

म्हणाली, "आजी, साहेब मनाने मोठे आहेत. रविवारी सभेत तुम्ही फक्त एवढं म्हणा, की ढेकूण तुमच्या जुन्या घरातून, तुमच्या गाठोड्यातून आले. चूक झाली, माफ करा. साहेब सगळ्यांसमोर माफ करतील. सून सोमवारी कामावर. किल्लीचं मी बघते."

मी म्हटलं, "आणि खरं सांगितलं तर?"

"खरं म्हणजे काय असतं आजी? बाकीची तेरा कुटुंबं आहेत. साहेबांनी हात काढून घेतला तर?"

तिच्या मानेवर एक लाल चट्टा होता. तिने कॉलर वर ओढली.

शनिवार, २५ एप्रिल

पाच दिवस हेच डोक्यात घोळतंय. हातात दाभण आलं त्या दिवशी माझ्या आईने एकच सांगितलं होतं, गादीवालीच्या घरी ढेकूण निघाला तर तिने गाव सोडावं. आणि आता मी उभी राहून शंभर माणसांसमोर म्हणायचं, की मी आणले.

सुनेला विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. मग म्हणाली, "कडी हवीय मला आई दाराला." तिलाही तेच.

कोर्टवालीला विचारलं. तिची किल्ली सहा आठवड्यांवर आहे. लेखणी खाली ठेवून म्हणाली, "मी तीस वर्षं खोट्या साक्षी उतरवल्या. कुणी मेलं नाही त्याने. म्हणून टाका."

म्हणून टाकणार. लिही. मी खोटं बोलणार आहे आणि मला शहाणपण कुणी शिकवू नये.

रविवार, २६ एप्रिल

सभा भरगच्च. मी गादीशेजारी उभी. मी शिवली होती पुन्हा. उसवलेली कशी दाखवायची! हात ठेवला आणि बोलले. माझं जुनं घर, ओल, गाठोडं, मी म्हातारी, डोळे अधू, माझ्या घाणीने तुम्हा सगळ्यांना त्रास. आवाजही कापवला. मागच्या बाईने डोळे पुसले. टाळ्या पडल्या, पोरी, अशा टाळ्या मला जन्मात कुणी वाजवल्या नव्हत्या. आणि मला बरं वाटलं. ढेकूण नखाखाली फुटला तेव्हा आली नव्हती एवढी किळस मला या बरं वाटण्याची आली.

मग साहेब उठले. मला माफ केलं, तेही दोन्ही हात पसरून, दोन पावलं लांबून. आणि म्हणाले, "आजींच्या प्रामाणिकपणावर मी इतका खूश आहे, की दुसऱ्या मजल्यावरच्या गाद्याही 'आधार'ला देऊन टाकतो!"

पुन्हा टाळ्या. मऊताईने मला खूण केली, आभार माना.

समोर चौदा खोल्यांतली माणसं बसली होती. पहिल्या रांगेत आमच्यातलीच एक नवी आई, मांडीवर दीड महिन्याचं बाळ. त्या बाळाच्या गालावर तीन ठिपके, ओळीने.

माझ्या तोंडून आभार निघेनात. निघालं ते असं: "साहेब, आधीच्या गाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या का?"

"हो हो," म्हणाले, खुशीत, "तिसरा मजला पूर्ण रिकामा केला तुमच्यासाठी."

"३१७ मधलीच ही. आत पट्टी आहे. मला एक समजावून सांगा, मी अडाणी बाई. माझ्या गाठोड्यातले ढेकूण, गादी इथे यायच्या आधी, कारखान्याची शिवण न उसवता, तुमच्या ३१७ मध्ये शिरले कसे? आणि एक पिढी नाही साहेब. काती मोजल्या मी. घराणं आहे."

मग त्या नव्या आईने बाळ उचललं आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी. तेवढ्यात प्रार्थनाघराच्या प्रवचनकारांनी एकदम प्रार्थना सुरू केली, मोठ्याने, मधल्याच कडव्यापासून.

तुझी वहिनी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर खांदे हसून हलत होते.

शुक्रवार, ८ मे

बारा दिवस लिहिलं नाही कारण कोर्टवालीने बोलणं टाकलं होतं. सगळ्यांनीच टाकलं होतं. साहेबांनी हात काढला, सकाळचा पाव बंद झाला, आणि घर फिरलं की घराचे वासे फिरतात. आम्ही नळावर गेलो की बायका बादल्या उचलायच्या. ज्यांच्या पोरांना ढेकूण चावत होते त्याच!

सुनेची नोकरी गेली ती गेलीच. कागद आलाय: तीस दिवसांत दुसरी धरा, नाहीतर खोली सोडा. ती रोज सकाळी निघते. दोन दुकानं, एक शाळा, एक धुलाईकेंद्र झालं. पत्ता विचारतात, 'आधार' म्हटलं की खुर्ची मागे सरकते. बातमी पसरलीय.

मी तिला म्हटलं, "माझी जीभ कापायला हवी होती."

म्हणाली, "मग जेवणाला नावं कोण ठेवणार?"

कोर्टवाली आज आपण होऊन आली. वही काढली. बाही वर करून दंड दाखवला. तीन ठिपके, ओळीने. म्हणाली, "लिहिते."

रविवार, १७ मे

देवाला विनोद कळतो. आज प्रवचनकार क्षमेवर बोलत होते. बोलता बोलता मांडी खाजवली. मग पाठ. मग क्षमा अर्धवट सोडून आत गेले. प्रार्थनाघरातल्या बाकांवर मऊ गाद्या आहेत ना, आमची माणसं दर रविवारी तिथेच बसतात. देवाच्या दारात सगळे सारखे, हे मला आज पहिल्यांदा पटलं.

त्या नव्या आईच्या बाळाच्या गालासाठी महिनाभर फिनेल पुरलं. प्रवचनकारांच्या मांडीसाठी दोन तासांत फवारणीवाला आला.

गडगड्या आवाजाचा माणूस, हातमोजे कोपरापर्यंत. बाकांभोवती बॅटरी घेऊन हिंडत होता. तुझ्या वहिनीने बघितलं आणि तिला राहवलं नाही. "तिथे नाही," म्हणाली, "खिळ्याच्या भोकात बघा. आणि पडद्याच्या दुमडीत." त्याने बघितलं. होते. मग तिने विजेच्या बटणाच्या पाटीमागे दाखवलं. तिथेही.

"हे कुठे शिकलात ताई?"

"अंगावर," ती म्हणाली.

तो म्हणाला, माझ्याकडे माणसं आहेत, पण बायका त्यांना आतल्या खोल्यांत, कपाटांत हात घालू देत नाहीत. उद्यापासून येता का?

ती माझ्याकडे बघायला लागली. मला काय वाटलं सांगू? शिसारी. मेल्या ढेकणांतून उठवली तर हिला जिवंत ढेकणांतच काम. पण तोंड आवरलं. आयुष्यात दुसऱ्यांदा.

शुक्रवार, २९ मे

आज समिती होती. एका लांब टेबलामागे पाच माणसं, पाचही जण खुर्चीच्या कडेवर टेकलेली. आता कुणी पाठ टेकून बसत नाही इथे.

मऊताई म्हणाली, "नोकरी आहे हे चांगलंच. पण ती आपल्या परिवारातल्या कुणी दिलेली नाही. आणि काम... काम असं आहे, की त्याचे आभार कसे मानायचे?"

म्हणजे ढेकूण देणारा परिवारातला, मारणारा परका!

कोर्टवाली आमच्याबरोबर आली होती, कुणी बोलावलं नसताना. भिंतीवरचे नियम तिने कागदावर उतरवून आणले होते. उभी राहिली आणि वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. नोकरी धरावी आणि टिकवावी, एवढंच लिहिलंय. कुणाची, कसली, काही नाही. शेवटी म्हणाली, "आणि या वहीत तारखेवार सगळं उतरवलेलं आहे. हवं तर तीही वाचते."

पाचही जण आधी तिच्याकडे बघायला लागले, मग वहीकडे. तुझं दप्तर विसरणं ऐकायची कुणाला हौस नव्हती. "विचार करून कळवतो," म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, तुझी किल्ली आठवड्यावर आलीय. कशाला मध्ये पडलीस?"

"तीस वर्षांत मला कुणी कधी मध्ये बोलू दिलं नव्हतं," म्हणाली.

(हे तिने स्वतःहून लिहिलंय. मी फक्त होकार दिला.)

बुधवार, १० जून

किल्ली आली. दोन्ही आल्या, आमची आणि कोर्टवालीची.

एरवी किल्ली म्हणजे केवढा सोहळा. फुलं, फोटो, तासभर आभार. आमची सोमवारी सकाळी दाराखालून पाकिटात सरकवली. दार उघडेपर्यंत मऊताई जिन्यात पोचली होती, मऊ पावलांनी. आम्हाला सभेत उभं करायची त्यांची छाती नाही. त्यामुळे सहा महिन्यांत पहिल्यांदा एक वस्तू मी आभार न मानता हातात घेतली. बरी जड आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर. आधीच्या भाडेकरूने ओट्यामागे काय काय सांडून ठेवलंय ते लिहिण्यासारखं नाही, दोन दिवस खरवडतोय. कोर्टवाली खालच्या मजल्यावर, वरून हाक मारली की येते. दाराला आतून कडी आहे. सुनेने आल्याबरोबर लावली, काढली, पुन्हा लावली. मग मला बाहेर उभं करून लावली. म्हटलं, "उघड गं, मी आहे." आतून म्हणाली, "कोण मी?" चावट झालीय.

गादी नाही घेतली अजून. मी भरीन नवा कापूस मिळाला की, दोन. दोघींना सारख्या जाडीच्या. नाही, तिची थोडी जाड. हे तिला सांगू नकोस.

आता तुझं काम ऐक, आणि विसरू नकोस, हातावर लिहून ठेव. तुझी वहिनी दिवसभर औषधात हात घालते. हातमोजे असतात, तरी सात वेळा धुतले तरी वास जात नाही. त्या हातांची तिलाच शिसारी येते, म्हणून दुपारचा डबा तसाच परत आणते. घास हातात धरायचा म्हटलं की तिला नको होतं. मी बोलून बघितलं. शेवटी काल मी घास भरवायला गेले, तर म्हणाली, आई, मी काय लहान आहे?

तर तिला चमच्याने खाता येईल असं पाठव. पीठ तुपात खमंग भाजायचं, त्यात बदाम आणि खारीक कुटून घालायची, साखर बेताने. कोरडं ठेव, म्हणजे महिनाभर टिकेल. रुंद तोंडाच्या बरणीत भर आणि लांब दांड्याचा चमचा आतच ठेव, म्हणजे बोट कशाला लागायला नको. बरणीवर तिचं नाव घाल, माझं नको. आणि आत चिठ्ठी घालशील तर आभार-बिभार लिहू नकोस, ते आमच्याकडे खूप झालेत. झाकण घट्ट लाव.